वास येतोय, पण चुकीचा

आधी एक सांगते, वास जाणं वेगळं आणि वास बिघडणं वेगळं. कोविडमध्ये वास गेला होता म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, हो हो आमचा पण गेलेला, पंधरा दिवसात आला की परत. माझा पण आला. पण जो आला तो भलताच आला, आणि त्या भलत्या वासाबरोबर मी वर्षभर स्वयंपाक केला, जेवले, ऑफिसला गेले, दिवाळी पण केली. घरच्यांना हे समजावून सांगता सांगता माझी दमछाक झाली होती, म्हणून म्हटलं सविस्तर लिहूनच काढावं.

आम्ही कोल्हापूरचे. 2021 ची दुसरी लाट बाकी ठिकाणी ओसरायला लागली तेव्हा आमच्याकडे ती जोरात होती. जूनमध्ये घरातले सगळे एकापाठोपाठ एक पॉझिटिव्ह. ताप, अंगदुखी, खोकला, देवाच्या कृपेने ऑक्सिजन कुणालाच लागला नाही. वास गेल्याचं मला अंघोळीच्या साबणावरून कळलं, पण तेव्हा घाबरले वगैरे नाही, कारण आदल्या वर्षीच सरकारने वास आणि चव जाणं हे कोविडच्या लक्षणांच्या यादीत घातलं होतं आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठ झालं होतं. गंमत म्हणजे व्हिक्स लावलं की नाकात गार गार लागायचं पण वास शून्य. कांदा चिरताना डोळ्यातून धारा, वास शून्य. मला वाटायचं म्हणजे थोडा थोडा येतोय बहुतेक. नंतर ईएनटीच्या डॉक्टरांनी सांगितलं की गारवा, झोंबणं, तिखट लागणं हे वासाच्या नसेचं कामच नाही, ती वेगळी नस, चेहऱ्याची, ट्रायजेमिनल म्हणतात तिला, आणि ती शाबूत असते. त्यामुळे व्हिक्स नाकाशी धरून वास आला का बघणं हा काही खरा चेक नाही.

जुलैत हळूहळू काहीतरी यायला लागलं. आषाढीच्या आधीच्या कांदेनवमीला घरात भजी झाली ती मी नुसती कुरकुरीत म्हणून खाल्ली, वास नव्हताच. मग पावसाचा ओला वास, फिनेलचा, असे एकेक पुसट पुसट. मी खूष. आणि मग साधारण सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या आसपास, एके दिवशी आमटीला लसणाची फोडणी टाकली आणि मला ओकारीच आली. वाटलं मोरी तुंबली. प्लंबरला बोलवलं, सिंकखालचा पाइप काढून धुवून घेतला, फ्रीज रिकामा करून पुसला, शेजारणीला विचारलं की तुमच्याकडे उंदीर मेलाय का गं कुठे. कुणालाच वास येत नव्हता. मुलगा म्हणाला, मम्मी मस्त वास सुटलाय आमटीचा, वाढ की.

तो वास कसा होता हे सांगणं अवघड आहे, लोक विचारतात आणि मी दरवेळी अडते. जळकं रबर म्हणा, त्यात काहीतरी कुजलेलं, वरून औषधी गोडसर, आणि हे सगळं एकदम. आधी कधी न आलेला वास. आणि वैताग असा की लसूण, कांदा, अंडं, चिकन, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, चॉकलेट, पुदिन्याची टूथपेस्ट, माझा स्वतःचा घाम, या सगळ्यांना तोच एक वास. वेगवेगळे घाण वास नव्हते, एकच. हे वाचून हसाल पण संडासाचा आणि ऑफिसातल्या कॉफीचा वास मला सारखाच यायचा, म्हणजे कॉफी जितकी वाईट झाली तितकाच संडास सुसह्य झाला होता, एवढाच काय तो फायदा.

पहिले जे डॉक्टर होते, आमच्या भागातले, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले टेन्शन घेऊ नका, कोविडनंतर बायकांना असं वाटतं, झोपेची गोळी देतो. गोळी मी घेतली नाही. राग आला होता, पण खरं सांगायचं तर दोन दिवस मी पण विचार केला की माझ्या डोक्यात तर काही नाही ना. कारण पुरावा काय द्यायचा? ताप थर्मामीटरवर दिसतो, हे दिसणार कुठे.

मग नणंदेने ओळखीतून ईएनटीच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी मी अर्धं वाक्य बोलते तोच यादी म्हणून दाखवली, कांदा, लसूण, अंडं, कॉफी, टूथपेस्ट, बरोबर? मला रडूच फुटलं. त्यांनी नाकात आधी बधिर करायचा स्प्रे मारला (घसा पण बधिर होतो, थुंकी गिळताना विचित्र वाटतं) आणि बारीक दुर्बीण घालून एंडोस्कोपी केली. दुखत नाही, पण डोळ्यातून पाणी येतं. मस्सा नाही, सायनस नाही, सूज नाही. एमआरआय काढू का विचारलं तर म्हणाल्या तुमच्या केसमध्ये कोविड, मग वास जाणं, मग दोनतीन महिन्यांनी बिघडून येणं, हा सगळा क्रम सरळ आहे, गरज नाही. एकाच नाकपुडीत त्रास असता, डोक्याला मार लागलेला असता, फिट येत असती, किंवा समोर काहीच नसताना मध्येच वास येत असते, तर काढला असता. ते शेवटचं म्हणजे फँटोस्मिया, त्यात वस्तूच नसते तरी वास येतो. माझा पॅरोस्मिया, म्हणजे वस्तू असते पण वास दुसराच. बाहेर बसलेल्या एका काकांना साध्या सर्दीनंतर हेच झालेलं, कोविडच्या कितीतरी आधी. म्हणजे हा काही नवा रोग नाही, फक्त एकदम इतक्या लोकांना झाला म्हणून आता नाव कळलं.

त्यांनी जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं ते माझ्या भाषेत असं. नाकाच्या अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात, काही चौरस सेंटिमीटरच्या पातळ अस्तरात वासाच्या पेशी असतात. माणसात त्यांचे सुमारे 400 प्रकार. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल या दोघांनी 1991 मध्ये त्यांची जनुकं शोधली, 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, म्हणजे हे सगळं ज्ञान तसं माझ्या शाळेच्या पुस्तकानंतरचंच. एका वासाला एकच पेशी नसते. कॉफीच्या वासात शेकडो रसायनं, ती वेगवेगळ्या पेशी एकदम चाळवतात आणि मेंदू ते मिश्रण ओळखतो, ही कॉफी. कोविडचा व्हायरस या वासाच्या नसपेशींवर थेट फारसा हल्ला करत नाही, त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींवर करतो, आणि त्या कोलमडल्या की नसपेशींचे पण हाल होतात. मग नव्या पेशी तयार होतात, त्यांचे धागे कवटीच्या एका बारीक भोकांच्या हाडातून वर मेंदूपर्यंत जायला लागतात, आणि सगळे एका दमात पोचत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, पेटीच्या निम्म्या पट्ट्या वाजत नसतील आणि तुम्ही भैरवी वाजवायला घेतली तर जे ऐकू येईल ते तुम्हाला येतंय. हे मला पटलं, आमच्या घरात सासऱ्यांची तशीच पेटी माळ्यावर आहे.

आणि एकच वास का, त्याचं पण उत्तर मिळालं. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठात जेन पार्कर म्हणून एक संशोधक आहेत, त्या मुळात खाण्याच्या वासांवर काम करणाऱ्या. त्यांच्या टीमने कॉफीच्या वासातली रसायनं मशीनने सुटी सुटी केली आणि पॅरोस्मिया असलेल्या लोकांना एकेक हुंगायला दिली. बऱ्याच जणांना सगळ्यात जास्त किळस आली ती 2-फ्युरानमिथेनथायॉल नावाच्या गंधकवाल्या रसायनाची. ज्यांचं नाक धड आहे ते त्यालाच छान भाजल्यासारखा वास म्हणतात! ते इतकं जबरी आहे की हवेत अगदी नावापुरतं असलं तरी नाकाला कळतं. हे संशोधन 2022 मध्ये छापून आलं. माझ्या यादीकडे बघा मग, कांदा लसूण अंडं म्हणजे गंधक, आणि शेंगदाणे, कॉफी, चिकन म्हणजे भाजणं. कोल्हापुरी स्वयंपाकातून कांदा, लसूण, भाजणं काढलं तर मागे काय उरतं? मीठ.

डॉक्टरांनी अजून एक सांगितलं होतं, की वास बिघडून येणं हे नसा परत जुळायला लागल्याचं लक्षण असतं, चांगलं आहे. असेल. पण ताटासमोर बसलं की या चांगल्या बातमीचा काडीचा उपयोग होत नाही. काहीच वास येत नव्हता तेव्हा मी निदान जेवत तरी होते, मीठ, आंबट, गोड, तिखट जिभेवर कळत होतं. आता घास तोंडात घातला की घशाच्या मागच्या वाटेने तो वास वर चढायचा आणि पोट ढवळायचं. दसऱ्यापर्यंत ब्लाऊज सगळे सैल.

यातून मला कुणी तारलं असेल तर सासूबाईंच्या चातुर्मासाने. त्या दरवर्षी आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा लसूण खात नाहीत. त्यांच्या पातेल्यातली जिऱ्याची फोडणी दिलेली मुगाची आमटी, भोपळ्याची भाजी, ही मला गार झाल्यावर खाता यायची. मग आमची दोघींची एकच चूल झाली. गल्लीत चर्चा, पाटलांच्या सुनेने पण चातुर्मास धरला, कोविडमधून वाचली ना म्हणून. मी पण म्हटलं असू दे, निदान प्रत्येकीला पॅरोस्मिया समजावून सांगायला नको. कार्तिकी झाली, त्यांचा नेम सुटला, त्या दिवशी मी म्हटलं आई आता तुम्ही तुमचं खा, मी करते माझं वेगळं. त्या म्हणाल्या, "एकटीसाठी काय पातेलं चढवतीस, माझं चाललंय की अजून." संक्रांत होऊन गेली तरी बाईंनी लसूण तोंडात घातला नाही. आमचं दोघींचं त्याआधी फार जमायचं असं काही नाही, हे पण सांगून ठेवते.

गार खाणं ही सगळ्यात कामाची गोष्ट. वाफ आली की वास आला. दहीभात बिनफोडणीचा, काकडी, ताक, शिकरण, दूधपोहे, केळी, गार भाकरी दह्याबरोबर. ऑफिसात, मी पतसंस्थेत काउंटरला आहे, दुपारी सगळ्यांचे डबे उघडले की मी फाइलींच्या खोलीत जाऊन बसायचे. टूथपेस्ट मुलांची स्ट्रॉबेरीची आणली. यांनी पोहायला जाताना लावतात तो नाकाचा चिमटा आणून दिला, मला वाटलं चेष्टा करतायत, पण तो लावून जेवलं की खरंच फरक पडतो, कारण नाकातून हवा फिरली नाही तर घशामागून चढणारा वास पण वरपर्यंत पोचत नाही. दिसायला मात्र कार्टून. रविवारी अख्ख्या गल्लीत मटण शिजतं तेव्हा खिडक्या बंद, पंखा फुल्ल, आणि मी चिमटा लावून टीव्हीसमोर.

दिवाळीत चकलीची भाजणी भाजायला जाऊबाईंकडे पाठवली. ते एकच केलं, बाकी शंकरपाळी वगैरे मीच केली, तळताना दाराबाहेर जाऊन जाऊन.

गॅसचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात, ते पण गंधकवालंच. माझ्या नाकाला ते आणि लसूण एकच, म्हणजे गळती आहे की शेजारी फोडणी पडली हे मला कळणारच नव्हतं. आम्ही गॅस डिटेक्टर बसवला आणि रात्री रेग्युलेटर बंद करायचा नियम केला. दूध नासलंय का, भात आंबलाय का, हे मुलाचं काम, तो हुंगून सांगायचा. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारखेची चिठ्ठी.

आता उपचार. खरं सांगायचं तर याच्यावर घ्या आणि बरे व्हा अशी गोळी नाही. मला नाकात मारायचा स्प्रे दिला होता आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं होतं (पाणी उकळून गार केलेलंच हं, नळाचं डायरेक्ट नाही). आणि मुख्य म्हणजे वासाचं ट्रेनिंग. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल नावाचे डॉक्टर आहेत, त्यांनी 2009 मध्ये हे करून दाखवलं, चार वास, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. कोविडच्या किती आधीचं आहे बघा.

तयार किट महाग मिळतात, मी घरीच केलं. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या, आत कापसाचा बोळा, त्यावर थेंब थेंब तेल. लवंगेचं आणि निलगिरीचं तेल मेडिकलमध्ये मिळालं, लिंबाला मी ताजी साल किसून घ्यायचे, गुलाबपाणी फारच पुचाट म्हणून अत्तर आणलं. बामच्या बाटल्या वापरू नका, कितीही धुतल्या तरी बामचाच वास राहतो. बाटली नाकाखाली धरायची, एकदम खोल श्वास नाही, सशासारखं छोटं छोटं हुंगायचं, दहाएक सेकंद, मग जरा थांबून पुढची. आणि हुंगताना तो वास आठवायचा. हे आठवणं मला आधी बावळटपणा वाटला. पण करता करता कळलं की लवंग म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर दाढदुखीला आजी दाढेत लवंग धरायला लावायची ते येतं, आणि लिंबू म्हटलं की काहीच येत नाही, नुसतं आंबट. मग मी लिंबाला उन्हाळ्यातलं लोणचं जोडून घेतलं.

सुरुवातीला चारही बाटल्या सारख्याच, म्हणजे काही नाही. निलगिरी गार लागायची पण तो गारवा, वास नव्हे, हे मला आता माहीत होतं. बऱ्याच आठवड्यांनी लिंबाची साल एकदम, एका श्वासापुरती, लिंबासारखी आली आणि गेली. परत हुंगलं तर नाही. मी यांना झोपेतून उठवून सांगितलं. हे म्हणाले बरं. मग लवंग आली, ती बरीचशी खरी. गुलाब शेवटपर्यंत नुसता गोड, आजही मला अत्तर आणि साधं शाम्पू यातला फरक नीट सांगता येत नाही. ट्रेनिंगमुळे सुधारलं की काळामुळे, हे मला विचारू नका, दोन्ही एकदमच चाललं होतं. पण खर्च किरकोळ, अपाय काही नाही, आणि दिवसातून दोनदा आपण स्वतःसाठी काहीतरी करतोय असं वाटतं ते वेगळंच. उलट ज्यांनी मला हजारो रुपयांची काढ्याची पाकिटं विकायचा प्रयत्न केला त्यांच्याबद्दल बोलतच नाही.

2022 च्या उन्हाळ्यात मसाला करायची वेळ आली. कांदालसूण मसाला, वर्षाचा, म्हणजे मिरच्या, सुकं खोबरं, धणे, तीळ, तळलेला कांदा, किलोकिलोने लसूण, आणि सगळं डंकावर कुटायला न्यायचं. माझ्या सगळ्या शत्रूंची एकत्र सभाच. सासूबाई म्हणाल्या तू येऊ नको, पण मी गेले, मास्कच्या आत लिंबाची साल ठेवून. डंकाच्या दारात उभी राहिले. वास आला, जोरात आला, आणि मी ओकारी यायची वाट बघत होते, ती आलीच नाही. चांगला वास होता असं नाही म्हणणार. मसाल्याचा पण नव्हता. कुठलातरी तिसराच, तिखट, धुरकट, जरा औषधी. पण उभं राहता येत होतं. घरी येऊन चिमूटभर मसाला भाकरीवर तेल घालून खाल्ला, अर्धी भाकरी संपवली. सासूबाईंनी त्याच दिवशी परत लसूण खायला सुरुवात केली, तोंडाने काही म्हणाल्या नाहीत.

तिथून पुढे सुधारत गेलं पण सरळ रेषेत नाही. साधी सर्दी झाली की परत दोन पावलं मागे. चिकन आलं, मटण आधी आलं, पांढरा रस्सा तर लवकरच, नारळाच्या दुधामुळे असेल. शेंगदाणे आले. टूथपेस्ट आली. लसूण जो आलाय तो कोविडआधीचा नाहीच, मला पक्कं माहीत आहे, पण आता मला हाच लसूण वाटतो, आधीचा कसा होता ते आठवायला गेलं तर आठवत पण नाही. कॉफी बरी आहे, इन्स्टंट चालते, फिल्टरची अजून नको.

कुणाला असं होत असेल आणि डॉक्टर मनाचं आहे म्हणाले तर दुसऱ्या ईएनटीकडे जा, त्यात लाजायचं काही नाही. घरच्यांना एकच सांगा, जेवणाला नावं ठेवत नाहीये. आमच्याकडे यावरून पहिले दोन महिने फार अबोला झाला, मी ताट सरकवलं की करणाऱ्याला लागायचं. आणि वजन उतरत असेल तर प्रोटीनचं बघा, मी दही पनीर भरपूर खाल्लं, गार, काही न घालता.

अंडं मात्र अजून नाही. ऑम्लेट एकवेळ मिरची कोथिंबीर भरपूर घालून चालतं, उकडलेलं नाहीच, सोलताना मी आजही खिडकी उघडते, आणि माझ्या वाटणीची अंडी मुलगा खातो, त्याची काही तक्रार नाही.